चौथं संध्याकाळी

खडकवाडीत लाईट गेली की लोक कंपनीला फोन करत नसत, तातेरावाला हाक मारत. कंपनीचा लाईनमन होता, नाही असं नाही. अंगद त्याचं नाव. पण भोकरदनच्या बाजूची अकरा गावं त्या एकट्याच्या गळ्यात आणि बुडाखाली एक खोकणारी मोटरसायकल. त्याची वाट बघत बसायचं म्हणजे गिरणीतलं दळण चार दिवस तसंच पडायचं. म्हणून आपल्याकडे गावोगावी असतो तसा खडकवाडीतही एक झिरो वायरमन होता. झिरो म्हणजे ज्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, ज्याला पगार नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत, पण खांबावर चढायला मात्र तोच. कुणी चहा पाजायचं, कुणी सुगीला पायलीभर ज्वारी द्यायचं. एवढ्यावर तातेरावाने एकतीस वर्षं गाव उजेडात ठेवलं. घर चालवलं ते त्याच्या बायकोने, बेबीनंदाबाईने, दुसऱ्याच्या रानात खुरपून.

तातेरावाची एक पद्धत होती. डीपीचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढलेले असोत की नसोत, लाईट असो की नसो, तारेला हात घालण्याआधी तो हाताची उलटी बाजू लावायचा. बोटांच्या मागची, नखांकडची. तव्याचा ताव बघतात तशी, हलकीच. करंट असला तर मुंगी डसल्यासारखं व्हायचं आणि हात आपोआप मागे फेकला जायचा. तळहाताने धरली तर मूठ आवळते आणि मग सुटत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं.

"तारंला आधी इचारायचं," तो म्हणायचा, "मंग हात टाकायचा."

आता ही पद्धत चूकच. कुठल्याही पुस्तकात ती नाही आणि नसावी. तिच्या नादाने कित्येक जण गेले. पण तातेराव तिच्याच जोरावर एकतीस वर्षं जगला, हेही तितकंच खरं, आणि ही गोष्ट सांगायची तर दोन्ही सांगावं लागतं.

नागसेन त्याचा एकुलता एक मुलगा. लहानपणी बापाची पक्कड धरून खांबाखाली उभा राहायचा. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, मग एक वर्ष कारखान्यात शिकाऊ म्हणून काढलं, मग शिकवणाऱ्यांसाठी असतं ते ट्रेनिंग केलं. त्यानंतर तेरा-चौदा वर्षं तासिका तत्त्वावर. कधी परतूर, कधी अंबड, पुन्हा परतूर. तासावरच्या मास्तरला धड मास्तर कुणी म्हणत नाही. जून आला की यंदा बोलावतील की नाही याची धाकधूक, आणि मार्च आला की पुढच्या जूनची. लग्नाची दोन स्थळं त्यापायी हातची गेली. शेवटी चौतिसाव्या वर्षी, केस पांढरे व्हायला लागल्यावर, कायम नेमणुकीची ऑर्डर आली. जालन्याच्या अलीकडे हायवेला लागून एक आयटीआय आहे, तिथे.

तातेरावाने ऑर्डर हातात घेतली, उलटीसुलटी बघितली आणि नागसेनकडे परत दिली. "वाचून दाखव."

तिसरीत त्याची शाळा सुटली होती. त्याला लिहिता यायचं, स्वतःचं अक्षर वाचताही यायचं. दुसऱ्याचं अक्षर आणि छापील मजकूर मात्र त्याच्याशी फटकून वागायचे. म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद नागसेनने वाचून दाखवायचा, हा पोराच्या पहिलीपासूनचा रिवाज.

नागसेनने वाचलं. "शिल्प निदेशक, वीजतंत्री."

"शिल्प म्हंजी? मूर्त्या करायच्यात का तुला?"

"नाही आबा. म्हणजे मास्तर. विजेचा."

"मंग मास्तर म्हन की." तातेरावाने भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे बघितलं. मग म्हणाला, "मला एक दिस बसू दे तुझ्या वर्गात."

"तुम्ही काय करणार तिथं?"

"शिकीन. म्या हे समदं बिनशिकता करून राह्यलो. एकदा बराबर शिकून बघतो."

नागसेनने पुढच्या महिन्यावर टाकलं, मग त्याच्या पुढच्या. खरं सांगायचं तर त्याला बापाची लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती ती स्वतःची. बापासमोर विजेबद्दल बोलायचं म्हणजे सुताराच्या पोराने बापाला रंधा शिकवण्यासारखं. पण तातेराव फोनवर दर आठवड्याला विचारायचा, "कवा येऊ?" शेवटी सप्टेंबरात नवी तुकडी आली, सुरक्षिततेचा पहिला धडा आला, आणि नागसेनने प्राचार्यांची परवानगी काढून सांगितलं, "बुधवारी या."

गणपती बसून चार दिवस झाले होते. तातेराव पहाटेच्या एसटीने निघून साडेआठलाच वर्कशॉपच्या दारात हजर. अंगात घडीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पक्कड. पक्कड कशाला आणली म्हणून नागसेनने विचारलं तर म्हणाला, "असू दे. साळंत जाताना दप्तर लागतं."

वर्ग वीस जणांचा. सतरा मुलं, तीन मुली. नागसेनने सांगितलं, "हे माझे वडील. एकतीस वर्षं खांबावर काम केलंय त्यांनी. आज आपल्यासोबत बसणार आहेत." पोरं उठून उभी राहिली. तातेराव शेवटच्या बाकावर जाऊन बसला. प्रिया नावाच्या मुलीने वहीचं एक पान फाडून त्याला दिलं आणि पेनही दिला. नागसेनने हजेरी घेतली. विसावा नंबर झाला तसा मागून आवाज आला, "एकवीस हजर."

सगळा वर्ग हसला. नागसेनलाही हसू आलं आणि त्या हसण्यात त्याची भीती गेली.

फळ्यावर त्याने मथळा लिहिला, काम सुरू करण्याआधीचे पाच नियम. मग एकचा आकडा घालून लिहिलं, तार चालू आहे की बंद, हे हाताने कधीही तपासू नये. आणि वळून विचारलं, "हाताची उलटी बाजू लावून तार बघणारा माणूस कुणी बघितलाय का?"

चार-पाच हात वर झाले. गावाकडची पोरं, बघितलेलंच असतं. त्यांच्यामागे सहावा हात वर झाला.

"म्या तसंच करतो, सर," तातेराव म्हणाला.

'सर' हा शब्द बापाच्या तोंडून ऐकून नागसेनला कसंतरी झालं. वर्ग बापाकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने बघतोय हे त्याला दिसत होतं. तिथे तो बाप म्हणून बोलला असता तर धडा मोडला असता. त्याने मास्तर म्हणूनच उत्तर दिलं.

"तसं करून जो जगला तो वायरमन हुशार नाही, नशीबवान आहे. हात ओला असेल, पायाखालची जमीन ओली असेल, तर मुंगी चावत नाही, माणूस जातो. आजपासून बंद करा."

"बराबर," तातेराव म्हणाला. "बंद."

त्याच्या तोंडावर राग नव्हता. मान खाली घालून तो पानावर लिहीत होता, जीभ दातांत धरून, तिसरीतलं पोर लिहितं तसं. लिहून झाल्यावर म्हणाला, "सर, वाचून दाखवा एकदा. म्या बराबर उतरवलं का बघतो." नागसेनने फळ्यावरचा नियम मोठ्याने वाचला. मग दुसरा लिहिला आणि वाचला, काम करण्याआधी पुरवठा बंद करावा. मग तिसरा, काढलेले फ्यूज स्वतःजवळ ठेवावेत, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी बसवणार नाही. प्रत्येक नियमावर उदाहरणं झाली, पोरांनी गावाकडचे किस्से सांगितले, आणि तिसऱ्यावरच मधल्या सुट्टीची बेल वाजली. चौथा आणि पाचवा पुढच्या तासाला घ्यायचे होते.

तातेरावाने पिशवीतून फोन काढून बघितला. गावातून सात फोन येऊन गेले होते. त्याने परत लावला. गणपती मंडळाचा मिथुन होता. देवळाजवळच्या खांबावरचा जंपर जळाला होता, म्हणजे एका तारेतून दुसऱ्या तारेला वीज नेणारा तुकडा. देवळाच्या बाजूची चार घरं आणि मांडव अंधारात होते. संध्याकाळी देखाव्याचं उद्घाटन होतं. अंगद फोन उचलत नव्हता.

"जातो म्या," तातेराव म्हणाला.

"आबा, अजून एक तास आहे. दोन नियम राहिलेत."

"लोकं खोळंबलेत रे. चौथं काय हाय, तेवढं सांग."

त्याच वेळी ऑफिसचा शिपाई तपासणीची फाईल मागायला आला होता. दोन पोरं दाखल्यावर सही घ्यायला उभी होती. नागसेन एका हाताने सही करत होता आणि दुसऱ्या हाताने फाईल शोधत होता. बापाकडे न बघताच तो म्हणाला, "चौथं सोपं आहे आबा. संध्याकाळी फोनवर सांगतो."

"बरं. चौथं संध्याकाळी." तातेरावाने पानाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, प्रियाचा पेन तिला परत दिला. दारातून वळून म्हणाला, "झ्याक शिकिवतोस." आणि मग आठवल्यासारखं, "सर."

पुढच्या तासाला नागसेनने फळ्यावर चौथा नियम लिहिला. पुरवठा बंद केला, फ्यूज काढले, तरी टेस्टरने तपासल्याशिवाय तारेला हात लावू नये. "कारण," तो वर्गाला म्हणाला, "आपण बंद केली म्हणजे तार बंद झाली, असं नसतं. दुसरीकडून वीज येऊ शकते. कुणाचा जनरेटर असतो, कुणाचा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर असतो." तो फार छान बोलला त्या तासाला. शेवटचा बाक रिकामा होता.

अडीचच्या सुमाराला फोन आला.

काय झालं ते त्याला मिथुनने सांगितलं, आठवड्याभराने, गावाबाहेरच्या पुलावर बसवून, इकडेतिकडे बघत. मंडळाचा मांडव आकड्यावर चालायचा. म्हणजे खांबावरच्या तारेला वाकवलेली तार अडकवायची आणि वीज घ्यायची, सगळीच मंडळं घेतात तशी. लाईट गेल्यावर पोरांनी भोकरदनहून भाड्याचा जनरेटर आणला आणि मांडवाच्या वायरिंगला जोडला. आकडा काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग जनरेटरची वीज मांडवात गेली तशी आकड्यातून वर तारेतही चढली. जनरेटर देवळाच्या मागे धडधडत होता. सगळ्यांना वाटलं, तो मांडवापुरताच आहे.

"काका आले ते डायरेक डीपीवर गेले," मिथुन म्हणाला. "तिन्ही फ्यूज काढले. म्या म्हनलं, काका, द्या माझ्यापाशी. तर म्हनले, न्हाई, जवळ ठिवायचे असत्यात. पिशवीत टाकले. मंग शिडीवर चढले. म्या खाली शिडी धरल्ती." तो थांबला. "सर, काका दर बारीला हात लावून बघत्यात ना. ह्या बारी बघितलंच न्हाई. म्या इचारलं बी, काका, आज तारंला इचारलं न्हाई? तर हसले. म्हनले, ते बंद झालं. आता सरांच्या पद्धतीनं. अन सरळ मुठीत धरली तार."



"सुटलीच न्हाई मूठ," मिथुन म्हणाला. "जनरेटर बंद करस्तोवर." मग त्याने नागसेनचा हात धरला. "आकड्याचं कुठं बोलू नका सर. समद्या मंडळावर केस होईल. काका तर आता परत येनार न्हाईत."

बैल गेला आणि झोपा केला, तशी चौकशी झाली. साहेब आले, फोटो काढले, खांबाची मापं घेतली. कंपनीने सांगितलं, हा माणूस आमचा नाही. अंगद लाईनमनने सांगितलं, मी याला ओळखतो पण चढायला मी सांगितलं नव्हतं. जनरेटर तोवर भोकरदनला परत गेला होता आणि आकडा कुणीतरी काढून टाकला होता. कागदावर लिहिलं गेलं की अनधिकृत व्यक्तीने चालू तार हाताने तपासली असावी. गावाला हे पटलंच. तातेराव उलट्या हाताने तार बघतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पारावर लोक म्हणायचे, माणूस लाखाचा होता, पण खोड वाईट, एक दिवस जायचाच. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसा तातेराव आता सगळ्यांना लाखाचा झाला होता, आणि त्याच दमात मूर्खही.

सगळ्यांत जास्त पटलं ते बेबीनंदाबाईला. तिने रडायच्या आधी नवऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि ती थांबेना. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगायची. "पोरगं मास्तर झालं. पोराच्या साळंत जाऊन बसले. पोरानं भर वर्गात सांगितलं, हात लावू नका. अन त्याच दिशी घरी येऊन हात लावला. माझं तर जल्मात ऐकलं न्हाई, पोराचं तरी ऐकायचं. हट्टी मानूस." मग नागसेनकडे वळून म्हणायची, "तू तुझं काम केलंस बाबा. त्यानंच ऐकलं न्हाई."

नागसेनच्या खिशात ते पान होतं. सरकारी दवाखान्यातून त्याला एक पिशवी मिळाली होती. तीत पक्कड, चिनी मातीचे तीन जड फ्यूज, एसटीचं तिकीट आणि चार घड्या घातलेलं वहीचं पान. पान त्याने तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर उघडलं होतं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत तीन नियम लिहिलेले. पहिल्या नियमाखाली दोनदा रेघ ओढलेली. आणि तिसऱ्याच्या खाली चारचा आकडा, त्याच्यापुढे टिंब, आणि पुढे काही नाही.

हे पान त्याने कुणालाच दाखवलं नाही. दाखवायचं म्हणजे काय सांगायचं? की आबांनी ऐकलं. एकतीस वर्षांची सवय एका सकाळी सोडली. फ्यूज काढले, जवळ ठेवले, सांगितलं तसं केलं, आणि म्हणूनच गेले. न ऐकता हात लावला असता तर मुंगी डसली असती, हात मागे आला असता, चार शिव्या देऊन शिडीवरून उतरले असते, आणि रात्री फोनवर म्हणाले असते, चौथं काय ते सांग. नागसेनला हे रोज शंभरदा कळत होतं. गप्प राहिलं तर मंडळ वाचत होतं, कंपनी वाचत होती, तो स्वतःही वाचत होता. कुणीही त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. फक्त आबा तेवढे हट्टी आणि खुळे म्हणून गावाच्या तोंडी राहिले असते, कायमचे. पण ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी सहा महिने फोन केले, ती शिकायची गोष्ट, ती ते शिकले होते. आणि ती शिकले नाहीत असं त्यांची बायकोच गावभर सांगत होती.

जलदान विधीच्या आदल्या दिवशी माय अंगणात तांदूळ निवडत बसली होती. शेजारची चांगुणाबाई तिला मदत करत होती. मायचं पुन्हा सुरू झालं. "पोराचं तरी ऐकायचं..."

"ऐकलं होतं," नागसेन म्हणाला.

दोघींनी वर बघितलं. तो मायजवळ खाली बसला आणि पान तिच्या पुढ्यात उघडून ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं अक्षर ओळखता येत होतं. नागसेनने वाचून दाखवलं. एक, दोन, तीन. मग मिथुनने सांगितलेलं सगळं सांगितलं, जनरेटर, आकडा, पिशवीत ठेवलेले फ्यूज, 'आता सरांच्या पद्धतीनं' हे सुद्धा. मग स्वतःचं सांगितलं. "चौथं राहिलं होतं माय. त्यांनी विचारलं होतं मला. मी म्हटलं, सोपं आहे, संध्याकाळी सांगतो. ते चौथं सांगितलं असतं तर आबांनी तारेला टेस्टर लावून बघितलं असतं. टेस्टर नसता तर चढलेच नसते. एक वाक्य होतं. मला सही करायची होती."

चांगुणाबाई उठून हळूच निघून गेली. मायने सूप बाजूला ठेवलं. पानावरून हात फिरवला, पहिल्या नियमाखालच्या दोन रेघांवरून, आणि चारच्या आकड्यापाशी बोट थांबलं.

"म्हंजी त्यानं ऐकलं," ती म्हणाली.

"हो."

"अन म्या नऊ दिस त्याला हट्टी म्हनून राह्यले." तेव्हा ती रडली. नऊ दिवसांत पहिल्यांदा शिवी न देता रडली. नागसेन तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला तर तिने तो हाताने बाजूला केला, रागाने नाही, पण बाजूला केला. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुझ्या बापाला तीनच शिकिवलंस तू."

 

दुसऱ्या दिवशी विधीला सगळं गाव आलं. बुद्धवंदना झाली. चार लोक बोलले, सगळे तोंडभरून. शेवटी नागसेन उभा राहिला आणि पान हातात धरून त्याने जे मायला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. आकड्याचंही सांगितलं. मंडळाची पोरं माना खाली घालून बसली. मिथुन उठून निघून गेला. कुणी म्हणालं, आता हे उकरून काय फायदा. तो म्हणाला, "फायदा काही नाही. माझा बाप खोडीने मेला असं म्हणू नका, एवढंच. तो शिकवल्याप्रमाणे काम करत होता. शिकवलं मी होतं." मग चौकशीच्या साहेबांना हेच सगळं लिहिलेला अर्ज त्याने खिशातून काढून वाचून दाखवला आणि खाली सही केली. अर्जाचं पुढे काय झालं विचाराल तर त्याला आवक नंबर मिळाला, एवढंच माहीत आहे.

निघताना मायने पिशवी भरून दिली. भाकरी, ठेचा, आणि खाली कपड्यात गुंडाळलेली पक्कड. दाराशी उभी राहून तिने एवढंच म्हटलं, "जाय. कुनाचं अर्धं ठिवू नको."

तो वर्कशॉपमध्ये परत गेला तेव्हा पोरं उठून उभी राहिली. त्याने हजेरी घेतली. विसावा नंबर झाला. पेन एकविसाव्या रिकाम्या ओळीवर थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने रजिस्टर मिटलं. पाचही नियम त्याने पुन्हा शिकवले, एका दमात, मध्ये थांबला नाही. मधल्या सुट्टीची बेल झाली तरी कुणाला उठू दिलं नाही. पोरांना पाठ होतं सगळं, तरी कुणी कुरकुरलं नाही. तेव्हापासून त्या आयटीआयमध्ये नागसेन सरांचा पहिला धडा बेलला जुमानत नाही, आणि नव्या पोरांना वाटतं, सर जरा चक्रम आहेत.

त्या दिवशी सुटल्यावर तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पोरं गेली, शिपाई एकेक पंखा बंद करत पलीकडे गेला. हायवेवर भोकरदनकडे जाणाऱ्या एसटीचा आवाज आला. त्याने खिशातून पान काढलं, बाकावर पसरलं, घड्या हाताने सारख्या केल्या. चार आणि टिंब. पेन काढून त्याने त्याच्यापुढे लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरांत. मग पाच घातलं आणि तेही लिहिलं. लिहून झाल्यावर पान तो नुसतंच बघत बसला. वरचे तीन आबांच्या अक्षरातले होते, खालचे दोन त्याच्या.

बाहेर संध्याकाळ झाली होती. आबांना दुसऱ्याचं अक्षर लागत नसे. म्हणून त्याने पान उचललं, आणि त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये चौथा नियम मोठ्याने वाचून दाखवला.